मुलांच्या भयकथा स्वतः छापून पोट भरतं का? मिशिगनचा जोनाथन रँड आणि माझे १४ वर्षांचे हिशेब

एका ताईंनी मला प्रश्न विचारलाय, तो थोडक्यात असा आहे: त्यांची बहीण अमेरिकेत मिशिगनला असते, तिथे भाचीच्या कपाटात जोनाथन रँड नावाच्या लेखकाची पुस्तकं ओळीने लावलेली दिसली, सगळ्या लहान मुलांच्या भयकथा, आणि मग कळलं की हा माणूस कुठल्या मोठ्या प्रकाशकाकडे नाहीच, स्वतःच छापतो, स्वतःच विकतो आणि त्याच्यावरच जगतो. तर त्याने हे नेमकं केलं कसं, आणि आपण मराठीत नोकरी सोडून असं करायचं म्हटलं तर जमेल का.

ताई, शेवटच्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. नोकरी सोडू नका, निदान पाच पुस्तकं होईपर्यंत तरी नाही. मी २०११ पासून हेच करतोय, चिपळूणला माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल असली कामं, आणि त्याच्या जोडीला मुलांसाठी भुताच्या गोष्टींची नऊ पुस्तकं स्वतः लिहून स्वतः काढलीत. आजही घरात येणाऱ्या पैशातला निम्मा पैसा पत्रिकांचाच आहे. पण उरलेला निम्मा भुतांचा आहे हेही खरं, आणि ते कसं झालं याचं बरंचसं श्रेय या रँडलाच जातं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मला त्याचं पहिलं पुस्तक मुंबईत फोर्टच्या फूटपाथवर मिळालं, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, २०-३० रुपयांना असेल. नाव 'टेरर स्टॉक्स ट्रॅव्हर्स सिटी'. मला वाटलं ट्रॅव्हर्स सिटी हे काहीतरी काल्पनिक गाव असणार, आपल्याकडे भयकथेत 'कोकणातलं एक आडगाव' असतं ना तसं. वाचत गेलो तर रस्त्यांची नावं, तळ्याचं नाव, सगळं इतकं ठामपणे लिहिलेलं की शंका आली म्हणून नकाशा काढून बघितला आणि गाव खरंच होतं. चेरीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेलं, मिशिगनच्या उत्तरेकडचं. त्या दिवशी ट्रेनमध्ये बसून जो विचार सुरू झाला तो अजून चालूच आहे.

तर हा माणूस कोण ते सांगतो. जोनाथन रँड हे टोपणनाव. मूळचा रेडिओतला माणूस, आणि मुलांच्या पुस्तकांआधी क्रिस्टोफर नाइट या दुसऱ्या टोपणनावाने मोठ्यांसाठी थरारकथा लिहायचा. दोन नावं ठेवण्यात व्यवहार आहे बरं का, आठ वर्षाच्या पोराला आवडलेल्या लेखकाचं दुसरं पुस्तक आईने नाव बघून घेतलं आणि ते मोठ्यांचं निघालं तर ती आई परत तुमच्या वाटेला जात नाही. २००० साली त्याने 'मिशिगन चिलर्स' नावाची मालिका सुरू केली. पहिलं पुस्तक 'मेहेम ऑन मॅकिनॉ आयलंड'. मॅकिनॉ हे ह्यूरॉन सरोवरातलं एक छोटं बेट, तिथे १८९८ पासून मोटारींना बंदी आहे, घोडागाड्या आणि सायकली चालतात, म्हणजे आपलं माथेरान समजा. उन्हाळ्यात तिथे पर्यटकांची झुंबड, मिशिगनमधल्या बऱ्याचशा पोरांनी एकदा तरी आईबापाबरोबर त्या बेटावर जाऊन फज, म्हणजे बर्फीसारखी मिठाई, खाल्लेला असतो. आता विचार करा, अशा ठिकाणी त्या बेटाचंच नाव असलेलं भयकथेचं पुस्तक दिसलं तर पोरगं हट्ट धरणार का नाही धरणार.

पुढची नावं बघा म्हणजे गंमत कळेल. 'पोल्टरगाइस्ट्स ऑफ पिटॉस्की', 'एलियन्स अटॅक अल्पीना', 'गार्गॉइल्स ऑफ गेलॉर्ड'. सगळी खरी गावं, सगळी मिशिगनची, आणि प्रत्येक गावाच्या पहिल्या अक्षरावर भूत. अनुप्रास हो, शाळेत शिकलो तोच. मग मिशिगनच्या बाहेरची पोरं विचारायला लागल्यावर 'अमेरिकन चिलर्स' काढली, त्यात एकेका राज्यावर एकेक पुस्तक, 'ओगर्स ऑफ ओहायो', 'फ्लोरिडा फॉग फँटम्स', 'विस्कॉन्सिन वेअरवुल्व्स', टेक्सासवर तर चक्क 'टेरिबल ट्रॅक्टर्स'. टेक्सासच्या शेतकऱ्याच्या पोराला ट्रॅक्टर माहीत असतो, ड्रॅक्युलासारखा रक्तपिपासू सरदार माहीत नसतो. आणि अमेरिकेत राज्यं ५०, म्हणजे पुढचं काम काय हा प्रश्नच मिटला.

वेळही बघा त्याने कुठली साधली. मुलांच्या भयकथांची मोठी लाट आली ती १९९२ मध्ये, आर. एल. स्टाइनच्या 'गूजबम्प्स'मुळे, आणि स्टाइनच्या मागे स्कोलास्टिकसारखा अवाढव्य प्रकाशक होता. ती मूळ मालिका १९९७ ला संपली. २००० मध्ये स्वतःच्या खिशातून तसलंच काही छापणं म्हणजे वरात गेल्यावर बँड घेऊन येण्यासारखं होतं, कुठल्याही शहाण्या माणसाने नको म्हटलं असतं. पण मोठा प्रकाशक अख्ख्या देशासाठी छापतो, त्याला अल्पीना नावाच्या गावावर पुस्तक काढणं परवडत नाही, आणि तुमच्याआमच्यासारख्याला अल्पीनाच परवडतं.

हे मला समजायला माझं पहिलं पुस्तक पाडावं लागलं. २०११ मध्ये मी काढलेलं पहिलं पुस्तक, नाव सांगत नाही, त्यात वाडा होता, अमावस्या होती, कंदील होता, गावाचं नाव नव्हतं. १,००० प्रती छापल्या. दोन वर्षांत १८० गेल्या, त्यातल्या चाळीसेक नातेवाइकांनी घेतल्या आणि नातेवाईक फक्त पहिल्या पुस्तकालाच घेतात हे लिहून ठेवा. दुसऱ्या पुस्तकाला म्हटलं आता रँडचं गणित लावून बघू. नाव ठेवलं 'चिपळूणचा चकवा'. चकवा तुम्हाला माहीत असेलच, रात्री वाटेत माणसाला भूल पाडतो आणि तो फिरून फिरून त्याच जागी येतो. कव्हरवर एसटी स्टँड. तेच लिहिणारा मी, तोच प्रेस, तोच कागद, आणि १,००० प्रती सात महिन्यांत संपल्या, त्यातल्या ८०० तरी चिपळूण आणि खेड या दोन तालुक्यांत.

मग पुढे 'गुहागरचा गिऱ्हा' (गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत), 'दापोलीचा देवचार', 'मालवणचा मुंजा', 'संगमेश्वरचा समंध', 'वेंगुर्ल्याचा वेताळ'. कोकणाला भुतांची कमी कधीच नव्हती, आणि ही नावं मी बनवलेली नाहीत, आजीआजोबांच्या तोंडातली आहेत. अमेरिकेतल्या माणसाला ओहायोसाठी राक्षस बाहेरून आणून बसवावा लागला, आपल्याकडे प्रत्येक पिंपळाला आधीच भाडेकरू आहे.

पण गावाचं नाव कव्हरवर टाकलं की एक जबाबदारी येते. आता त्या गावातलं प्रत्येक पोर तुमचं संपादक असतं. 'चिपळूणचा चकवा'मध्ये पोरगा शहरातून शेजारच्या परशुराम गावाच्या दिशेने चालत निघतो, आणि मी लिहिताना घाईत वाशिष्ठी नदीचा पूल आधी टाकला आणि बहादूरशेख नाका नंतर. जन्मापासून चिपळुणात राहतोय मी! एका जिल्हा परिषदेच्या शाळेत वाचन झाल्यावर चौथीतली एक मुलगी, दोन वेण्या, उभी राहिली आणि म्हणाली, "काका, पूल नाक्याच्या पुढे आहे. तुम्ही अलीकडे घातलात." मी म्हटलं अगं चकवा लागलाय ना त्याला, म्हणून उलटसुलट दिसतंय. तर ती म्हणाली, "पण चकवा पुढच्या पानावर लागतो." सगळा वर्ग हसला, बाईंनी तोंडावर पदर धरला. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त केलंय, आणि तेव्हापासून गावात दोन दिवस पायी फिरल्याशिवाय त्या गावाचं पुस्तक मी सुरू करत नाही.

आता लिखाणाबद्दल. रँडच्या पुस्तकांची बारापंधरा तरी पारायणं मी केली असतील, पेन्सिल घेऊन. प्रकरणं छोटी, तीन-चार पानांची, गोष्ट बहुतेक वेळा गोष्टीतलं पोरच सांगतंय, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी गळ टाकलेला. रेडिओवाल्याची सवय असणार ही, जाहिरात लागली की माणूस स्टेशन बदलू नये म्हणून काहीतरी लटकत ठेवायचं. 'अमेरिकन चिलर्स'मध्ये तर पुस्तकाच्या शेवटी या गोष्टीतल्या पोराला दुसऱ्या राज्यातलं पोर भेटतं आणि ते स्वतःची गोष्ट सांगायला लागतं, ती गोष्ट म्हणजे पुढचं पुस्तक. एवढी उघड दुकानदारी मी दुसरीकडे बघितली नाही आणि ती चालते हे पण मान्य करावं लागतं. मी तिचीच नक्कल करून शेवटच्या पानावर एसटीत शेजारी बसलेलं दुसऱ्या गावचं पोर आणतो.

एक गोष्ट मात्र मला त्याची आवडत नाही. या सगळ्या प्रकारातच ती आहे, एकट्या रँडला कशाला बोला. प्रकरणाच्या शेवटी खांद्यावर थंडगार हात पडतो आणि पान उलटलं तर तो मित्राचा हात असतो. एकदा ठीक, दोनदा ठीक, पाचव्या वेळी मला फसवल्यासारखं वाटतं. मुलांना वाटत नाही हे खरं, मुलं त्याच्यावरच खूश असतात, पण मी माझ्यापुरता नियम केलाय की खोटा हात एका पुस्तकात एकदाच.

नमुना म्हणून एक तुकडा दाखवतो म्हणजे नुसत्या गप्पा नकोत. 'गुहागरचा गिऱ्हा'मध्ये दहा वर्षाचा पोरगा शेवटच्या एसटीने मामाकडे निघालाय. पहिल्या खर्ड्यात मी प्रकरणाचा शेवट असा केला होता: 'तेवढ्यात मागच्या सीटवरून एक भयानक किंकाळी ऐकू आली आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा उभा राहिला.' वाचून बघा, काही होतं का? काही होत नाही, कारण काटा माझ्या वाक्यात उभा राहिलाय, वाचणाऱ्याच्या अंगावर नाही. चार वेळा खोडलं. शेवटी छापलं ते असं आहे की कंडक्टर येतो, पोरगा एक अर्धं तिकीट मागतो, कंडक्टर दोन फाडून देतो. पोरगा म्हणतो मी एकटाच आहे. कंडक्टर मागच्या सीटकडे बघतो, तिथली जागा ओली आहे, आणि म्हणतो, "मग हा म्हणाला ते काय, की माझं पण तूच काढणार म्हणून?" संपलं प्रकरण. शाळेत हे वाचताना मी इथे थांबतो आणि पोरं मागे वळून बघतात, अगदी भर दुपारी बाराला. किंकाळीला कोणी मागे वळून बघत नव्हतं.

बाकी नियम थोडेच आहेत माझे. गोष्टीतलं पोर शेवटी घरी पोचलं पाहिजे. आईला काही होता कामा नये, भूत आईचं रूप घेऊन येतं हे तर अजिबात नको, ते मी एकदा केलं आणि एका बाबांचा फोन आला की पोरगी तीन दिवस आईला हात लावू देत नाहीये, तो फोन मी विसरलेलो नाही. भुताला नियम पाहिजेत, म्हणजे ते काय करू शकतं आणि काय नाही हे पोराला कळलं पाहिजे, कारण हे ओळखून सुटायचं हीच तर मुलांची मजा असते. आणि सुटका मोठ्यांनी करायची नाही, पोराने स्वतः करायची.

आता विक्री, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. रँडची पुस्तकं दुकानांतून विकली जातात पण त्याचा पाया म्हणजे तो स्वतः शाळा-शाळांतून फिरला. अमेरिकेत लेखकाला शाळेत बोलावणं ही रुळलेली पद्धत आहे, शाळा किंवा पालक संघटना मानधन देते, आधी मुलांच्या घरी पुस्तकांच्या मागणीचा कागद जातो आणि लेखक येऊन सह्या करून देतो. आपल्याकडे मानधनाच्या जागी नारळ आणि शाल असते. माझ्याकडे ४६ शाली आहेत, उन्हाळ्यात कोणाला पाहिजे असतील तर सांगा. पण मागणीचा कागद ही कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे. मी शाळेत जायच्या आधी आठवडाभर अर्ध्या पानाचा कागद पाठवतो, त्यावर पुस्तकाचं चित्र, किंमत आणि मुलाचं नाव लिहायला जागा. मुलाचं नाव महत्त्वाचं, कारण सही करताना मला 'चि. अमुकला' लिहायचं असतं आणि नाव लिहिलेलं पुस्तक पोरगं कोणाला देत नाही, मग त्याच्या मित्राला दुसरं घ्यावं लागतं.

किंमत १०० रुपये. आधी १२० होती. वीस रुपयांच्या सुट्ट्या पैशांनी माझा जेवढा वेळ खाल्ला तेवढ्यात अजून एक पुस्तक झालं असतं, आणि आई पाकिटात १०० ची नोट घालून देते, १२० घालून देत नाही. ९६ पानं, म्हणजे १६ पानी सहा फॉर्म (एका फॉर्मात १६ पानं एकत्र छापून घडी घालतात), कागद ७० जीएसएम वजनाचा मॅपलिथो, कव्हर चाररंगी आणि ग्लॉस लॅमिनेशन (मॅट पोरांच्या हातात मळतं), परफेक्ट बाइंडिंग (पाठीला नुसता गोंद) न करता पिना मारायच्या कारण दप्तरात पाठ तुटते. हजार प्रती छापल्या तर मला सध्या प्रतीमागे ३६ ते ४० रुपये पडतात, डीटीपी माझं घरचं असल्यामुळे, तुम्हाला थोडं जास्त पडेल. चित्रकाराचे पैसे वेगळे आणि ते आधी द्यायचे, त्याला 'खपलं की देतो' म्हणू नका. शाळेत थेट १०० ला विकलं तर शाळेच्या वाचनालयाला दहात एक प्रत फुकट देऊनही हातात ५० च्या आसपास राहतात. तेच दुकानात ठेवलं तर ४० टक्के कमिशन, आणि उरलेले ६० कधी मिळतील ते दुकानदाराच्या मूडवर, म्हणजे छपाई वजा जाता २० रुपयांसाठी सहा महिने फोन. एका मोठ्या शहरातल्या दुकानाकडे माझ्या १२० प्रतींचे पैसे २०१६ पासून 'पुढच्या आठवड्यात' आहेत. म्हणून दुकानात मी ठेवतो ते फक्त दिसावं म्हणून, पाच-दहा प्रती.

ई-बुकचं म्हणाल तर किंडलवर मराठी पुस्तक टाकता येतं, मी टाकलंय, पण आठ-दहा वर्षाच्या मराठी पोराकडे किंडल नसतं आणि मोबाइल दिला तर ते पुस्तक वाचणार आहे असं तुम्हाला वाटतं का.

कागदोपत्री काम फार नाही. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आपल्याकडे फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीच्या साइटवरून अर्ज करायचा, कोणी त्याचे दोन हजार मागितले तर समजून जा. अमेरिकेत त्याच नंबराला पैसे मोजावे लागतात, तिथे एवढं तरी आपलं बरं आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर एकेक प्रत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते, बरेचजण पाठवत नाहीत, मी पाठवतो, आपला मुंजा कोलकात्याला जाऊन बसलाय याची मला उगाच मजा वाटते.

शाळेत हमखास येणारी एक अडचण सांगून ठेवतो कारण त्याची तयारी लागते. मुख्याध्यापक म्हणणार, "अहो पण ही अंधश्रद्धा झाली ना." त्यांचा राग येऊ देऊ नका, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यांच्यावर पालकांचा दबाव असतो. कायदा भोंदूगिरीच्या विरुद्ध आहे, कोणी अंगात आणून पैसे उकळले, अघोरी उपचार केले, त्याच्या विरुद्ध. गोष्टींच्या विरुद्ध नाही. पण हे त्यांना कायदा म्हणून न सांगता पुस्तक हातात द्यायचं. माझ्या एकाही पुस्तकात देवऋषी, लिंबू, गंडा, अंगारा यांनी भूत जात नाही, पोरगं डोकं चालवतं म्हणून जातं, हे मी पहिल्यापासून पाळलंय आणि ते त्यांना दाखवता येतं. अमेरिकेतही हे चुकलेलं नाही, नव्वदच्या दशकात तिथल्या ग्रंथालय संघटनेने ज्या पुस्तकांवर पालकांच्या तक्रारी आल्या त्यांची यादी केली त्यात 'गूजबम्प्स' बऱ्यापैकी वर होतं. तरी तीन शाळांनी मला दारातून परत पाठवलंय, त्यातल्या एका शाळेतल्या पोरांनी मधल्या सुट्टीत गेटच्या गजांतून १४ पुस्तकं घेतली ती गोष्ट वेगळी.

आणि आता जे झालं ते पण सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं चढत्या क्रमानेच असतं. माझं दुकान बाजारपेठेत तळमजल्याला. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. 'संगमेश्वरचा समंध' नुकतं छापून आलेलं, लॉकडाऊनमुळे शाळा बंद म्हणून सगळी थप्पी दुकानातच, जुन्या पुस्तकांसकट अकराशेच्या वर प्रती, कॉम्प्युटर, दोन प्रिंटर. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर कागदाचा लगदा आणि त्यावर चिखल, पुस्तकाचा आकार होता पण हातात घेतलं की फक्त कव्हर यायचं, लॅमिनेशन असल्यामुळे कव्हरं टिकलेली. म्हणजे भुतांची तोंडं सगळी शाबूत आणि गोष्टी गेल्या. फाइल्सचा बॅकअप मेव्हण्याकडे पुण्याला पेन ड्राइव्हवर होता म्हणून मी आज हे लिहितोय. छापील प्रती कुठे ठेवायच्या हा विचार कोणी सांगत नाही, मी सांगतो, वरच्या मजल्यावर, भिंतीपासून लांब, खाली लाकडी फळ्या, आणि एकाच जागी सगळ्या कधीच नको. त्यानंतर मी एका वेळी ५०० च छापतो, प्रतीमागे पाच-सात रुपये जास्त पडले तरी.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका पालकांचा निरोप आला, की पोराचं 'चकवा' पुरात गेलं, नवीन मिळेल का, आणि सही पहिल्यासारखीच पाहिजे, तारीख पण तीच टाका. टाकली मी, २०१४ ची. पोरगा तेव्हा तिसरीत होता, पुरावेळी दहावीत.

रँडकडे परत येतो. त्याने पुढे इंडियन रिव्हर नावाच्या छोट्या गावात, हायवेजवळ, फक्त स्वतःच्या पुस्तकांचं दुकान काढलं, नाव 'चिलरमेनिया'. जाता-येता लोक गाडी वळवून तिथे थांबतात आणि मुलांना नेतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे जरा जास्तच वाटलं, एकाच लेखकाचं दुकान! आता वाटत नाही. कमिशन नाही, उधारी नाही, पोरगं आणि पुस्तक यांच्यामध्ये तिसरा कोणी नाही, म्हणजे शाळेत जे करतो तेच, फक्त इथे शाळा आपल्याकडे चालत येते. मुलांसाठी लेखनाची शिबिरंही त्याने घेतलीत. त्याच्या मानाने माझं म्हणजे गणपतीत आणि मे महिन्यात परशुरामच्या वाटेवर एका ओळखीच्या कोकम सरबतवाल्याच्या टपरीत अर्धं टेबल, त्यावर नऊ पुस्तकं. मुंबईहून येणाऱ्या गाड्या थांबतात, पोरं मागच्या सीटवर कंटाळलेली असतात, आणि पुढे जायच्या गावाचं नाव कव्हरवर दिसतं. मे महिन्यातल्या चार रविवारी तिथे जेवढं विकलं जातं तेवढं दुकानांतून वर्षात जात नाही.

त्याच्यात आणि माझ्यात मोठा फरक आहे तो संख्येचा. मिशिगनची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, महाराष्ट्र त्याच्या कितीतरी पट, पण तिथल्या शाळेत पुस्तक विकत घेणं हा घरखर्चातला भाग आहे आणि आपल्याकडे अवांतर पुस्तक म्हणजे वाढदिवसाला आलं तर आलं. म्हणून तुम्ही पहिल्या वर्षी पैसा बघू नका, शाळा मोजा. मी वर्षाला ६० ते ७० शाळा करतो, शाळेमागे सरासरी ४० प्रती जातात. गुणाकार तुम्ही करा आणि त्यातून पेट्रोल वजा करा.

सुरुवात कशी करायची म्हणाल तर एकच गाव घ्या, ज्याच्या गल्ल्या तुम्हाला डोळे मिटून चालता येतात. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा इथे कोण दिसायचं. लिहून झालं की छापायच्या आधी त्या गावच्या एका शाळेत तिसरी-चौथीला मोठ्याने वाचा, आणि पुस्तकाकडे न बघता पोरांच्या पायांकडे बघा. पाय हलायला लागले की ते पान कापायचं.

तुम्ही प्रश्नात तुमचं गाव लिहिलं नाहीत. अलिबाग असेल तर 'अलिबागच्या आसरा' मोकळं आहे, घ्या. लांजा असेल तर 'लाव' नावाचं भूत आहे. रत्नागिरीचा राखणदार माझ्या डोक्यात आहे पण पुढची दोन वर्षं तरी होत नाही, तुम्ही केलंत तर मला आनंदच आहे. नाशिक असेल तर मात्र अवघड आहे, 'न' वरून भूत मला १४ वर्षांत सापडलेलं नाही, कोणाच्या आजीला माहीत असेल तर खाली सांगा.